टेस्टरने ‘नको’ म्हटलं तरी सॉफ्टवेअर बाहेर पडतंच कसं?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. सुट्टीत शेवगावला आली होती, तरी लॅपटॉप उघडा आणि कानाला फोन. ‘अजून दोन बग उघडे आहेत, मी साइन-ऑफ देणार नाही,’ असं तिने मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलेलं मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, रिलीज रात्रीच झालं. आमच्याकडे कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडरने ओलावा जास्त म्हटलं की गाडी परत जाते, तिथे कुणाचं काही चालत नाही. मग हिच्या ‘नाही’ला काही किंमत आहे की नाही? सॉफ्टवेअर कधी सोडायचं हे टेस्टर ठरवत नसेल, तर कोण ठरवतं? आणि मग टेस्टरला पगार कशाचा देतात?
— एक वाचक, शेवगाव

उत्तर : आधी थेट सांगतो. बहुतेक कंपन्यांत सॉफ्टवेअर सोडायचा निर्णय टेस्टरच्या हातात नसतो, आणि माझ्या मते तो नसावाही. तरी तुमच्या लेकीच्या ‘नाही’ला किंमत आहे, तुम्ही ती भलत्या जागी शोधताय, इतकंच. पगाराचा मुद्दा नंतर घेऊ. तो तुम्ही तिच्यासमोर काढला नसेल, अशी आशा करतो.

ग्रेडरचं उदाहरण तुम्ही चांगलं काढलंत. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, आठ ते बाराच्या दरम्यान भावात कपात, आणि बाराच्या वर खरेदी नाही. हा नियम ग्रेडरने केलेला नसतो. तो हंगामाआधीच ठरलेला असतो. ग्रेडर मीटर लावतो आणि आकडा वाचतो. म्हणजे गाडी परत पाठवतो तो नियम, आणि शिव्या खातो ग्रेडर. सॉफ्टवेअरची अडचण अशी, की तिथे असं मीटरही नाही आणि बारा टक्क्यांची रेषाही नाही.

मीटर का नाही? शंभर टेस्ट केसेस पास झाल्या, म्हणून सॉफ्टवेअर शंभर नंबरी असं होत नाही. त्या शंभर केसेस कुणीतरी निवडलेल्या असतात आणि बग एकशे एकाव्या ठिकाणी दडी मारून बसलेला असू शकतो. मग सगळंच तपासून टाकावं, असं वाटेल. समजा एका ऑनलाइन अर्जात दहा रकाने आहेत आणि प्रत्येक रकान्यात फक्त पाच पर्याय. असा अर्ज किती वेगवेगळ्या प्रकारे भरता येईल? ९७ लाख ६५ हजार ६२५ प्रकारे. मिनिटाला एक या वेगाने दिवसरात्र तपासत बसलं, तर साडेअठरा वर्षं लागतील, आणि तोवर ती योजनाही बंद पडलेली असेल. यंत्राकडून तपासून घेतलं तर वेग वाढतो, पण खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रकानेही दहा नसतात. एड्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास हे स्पष्ट सांगून ठेवलं आहे, की तपासणीने चुका आहेत हे दाखवता येतं, चुका नाहीत हे कधीच दाखवता येत नाही. तेव्हा ‘सगळे बग संपले की रिलीज’ हा लोकांच्या मनातला पहिला गैरसमज काढून टाकू. टेस्टिंग संपत नाही, ते कुठेतरी थांबवावं लागतं.

आता ‘दोन बग उघडे आहेत’ याचा अर्थ बघू. बग हा शब्द एक असला तरी त्याच्या जाती फार वेगळ्या. समजा शेतकऱ्यांसाठीचं एखादं अर्जाचं ॲप आहे. टेस्टरला त्यात असं सापडलं, की ‘कुऱ्हाडे’ आडनावाने शोध घेतला तर नोंद सापडत नाही, पण यादी खाली सरकवत गेलं तर तेच नाव डोळ्यांना दिसतं. हा प्रकार काल्पनिक वाटेल, पण मराठीत तो सहज घडू शकतो. ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवलं जाऊ शकतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. एका कीबोर्डवर नोंद झाली, दुसऱ्या कीबोर्डवर शोध घेतला, की कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे सगळे गायब! असा बग आडनाव जाधव आणि पाटील टाकून बघणाऱ्याला जन्मात सापडत नाही. चांगला टेस्टर मुद्दाम वाकडी नावं टाकून बघतो.

त्याच ॲपमधला दुसरा बग असा, की पैसे भरताना नेटवर्क गेलं आणि पुन्हा बटण दाबलं, तर दोनदा रक्कम कापली जाते. आणि तिसरा, उद्घाटनाच्या पाटीवर मंत्र्यांच्या आडनावातली वेलांटी चुकली आहे. यांतला सगळ्यात वाईट कोणता? पैशाचा, हे उघड आहे. पण उद्घाटन उद्या सकाळी असेल, तर आज रात्री सगळ्यात आधी कोणता दुरुस्त होईल, ते तुम्ही ओळखलंच असेल. बग किती वाईट आहे ही एक मोजणी आणि तो किती तातडीने काढायचा ही दुसरी. पहिली टेस्टर सांगू शकतो. दुसरीसाठी त्याच्याकडे नसलेली माहिती लागते.

कोणती माहिती? रिलीजच्या आधी एक बैठक होते, तिला ‘गो-नो-गो’ म्हणतात. तुम्ही फोनवर ऐकलीत ती बहुधा हीच. तिथे डेव्हलपर सांगतो की दुरुस्तीला तीन दिवस लागतील, आणि दुरुस्त करताना दुसरं काही मोडायची भीतीही आहे. ग्राहकाशी बोलणारा सांगतो की तारीख चुकली तर करारात दंड आहे. मदतकेंद्रवाला सांगतो की अमुक बग असला तरी लोकांना फोनवर तोड सांगता येईल. सर्व्हर सांभाळणारा सांगतो की बिघडलंच तर रोलबॅक, म्हणजे जुनी आवृत्ती परत आणणं, अर्ध्या तासात जमेल किंवा जमणारच नाही. टेस्टर सांगतो काय तपासलं, काय सापडलं, काय तपासायचं राहिलं. हे सगळं ऐकून हो किंवा नाही म्हणायचं काम प्रॉडक्टच्या मालकाचं, मग त्याला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणा, डिलिव्हरी हेड म्हणा, सरकारी काम असेल तर खात्याचा सचिव म्हणा. नफा, दंड, बदनामी ज्याच्या वाट्याला येणार, निर्णय त्याचा.

हे तुमच्या जिल्ह्यानेच एकदा अनुभवलं आहे, फक्त तेव्हा त्याला कुणी ‘रिलीज’ म्हटलं नाही. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तो पुणतांब्यातून. त्या महिन्याच्या २४ तारखेला सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ, बोजा ३४,०२२ कोटी रुपयांचा, लाभार्थी ८९ लाख असा अंदाज. अर्ज ऑनलाइन, आधार जोडून, नवरा-बायको दोघांच्या माहितीसह. सेवा केंद्रांवर रांगा लागल्या, अंगठे लागेनात, सर्व्हर मान टाकू लागला. मुदत वाढत वाढत २२ सप्टेंबरला संपली. आणि १८ ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीच्या दिवशी, मुंबईत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कर्जमाफीची प्रमाणपत्रं वाटली गेली.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. याद्या बँकांकडे गेल्या आणि जुळेनात. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावं निघाली, अर्जातली माहिती आणि बँकेच्या नोंदी यांचा मेळ बसेना. याद्या पुन्हा तपासायला घ्याव्या लागल्या. ‘ग्रीन लिस्ट’ (पात्र ठरलेल्यांची यादी) हा शब्द पारावरच्या गप्पांत पोचला तो तेव्हा, आणि प्रमाणपत्र हातात असलेले लोक खात्यात रक्कम कधी पडते याची वाट बघत राहिले.

इथे चूक कुठे झाली, याचं लोकांनी दिलेलं उत्तर ‘सॉफ्टवेअर गंडलं’ असं होतं. ते अर्धंच खरं आहे. गणित करणारा प्रोग्रॅम बरोबर असला तरी त्यात येणारी माहिती वाकडी असेल, तर यादी वाकडीच निघणार. स्वच्छ, नमुन्याच्या नोंदींवर केलेली तपासणी अशा वेळी उपयोगी पडत नाही. जिल्हा बँकेच्या खऱ्या खातेवहीवर ती करावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. वेळ तर नव्हता, कारण दिवाळीची तारीख पंचांगाने ठरवलेली आणि दिवाळीआधी देण्याचा शब्द सरकारने दिलेला. तारीख हलणार नसेल तर दुसरं काहीतरी हलवावं लागतं. एकतर काम कमी करा, नाहीतर लोक कमी घ्या. दोन्ही केलं नाही, तर गुणवत्ता न विचारता आपोआप कमी होते.

लोक कमी घ्या, हा पर्याय याच राज्याने पुढच्या वेळी वापरला. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, दोन लाखांपर्यंतच्या थकबाकीची. यात शेतकऱ्याने अर्जच करायचा नव्हता. माहिती बँकांनी चढवायची होती. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली ती सगळ्या राज्याची नव्हती. प्रत्येक जिल्ह्यातली दोन गावं, ३४ जिल्ह्यांतली मिळून ६८, आणि शेतकरी १५,३५८. नगर जिल्ह्यातून राहुरी तालुक्यातलं ब्राह्मणी आणि नगर तालुक्यातलं जखणगाव. त्या गावच्या शेतकऱ्याने आपलं नाव बघायचं, सेवा केंद्रावर जाऊन अंगठा लावायचा, पडद्यावरची कर्जाची रक्कम मान्य आहे का ते सांगायचं. मान्य नसेल तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. बाकीच्या याद्या त्यानंतर टप्प्याटप्प्याने लागल्या.

या दोन योजनांची राजकीय तुलना करायला हे सदर नाही. त्यासाठी पार पुरेसा आहे. टेस्टरच्या नजरेने मात्र दुसरी पद्धत उजवी आहे, आणि का ते बघण्यासारखं आहे. ब्राह्मणीत काही चुकलं असतं, तर ते एका गावात चुकलं असतं. दुरुस्त करायला माणसं पुरली असती, आणि तीच चूक शेवगावपर्यंत पोचायच्या आत थांबली असती. शिवाय तपासणी खऱ्या माणसांच्या खऱ्या खात्यांवर झाली. ‘सोडायचं की नाही’ या प्रश्नाचा ताण अशा वेळी फारच कमी होतो, कारण प्रश्नच बदलतो. आता विचारायचं ते ‘आधी कुणाला द्यायचं आणि पुढे कधी सरकायचं’ एवढंच.

हे न केल्याचं जगातलं अलीकडचं मोठं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. ती तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येच बग होता, त्यामुळे सदोष फाइल पास झाली, आणि ती सगळ्यांना एकदम गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक निळे पडदे दाखवत बसले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले जात होते. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, तरी उपयोग मर्यादित झाला, कारण जो संगणक सुरूच होत नाही त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? जागोजागी माणसांनी हाताने एकेक यंत्र उठवलं. त्यानंतर कंपनीने अशा फाइली टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली. दोन-दोन गावांपासूनच म्हणा ना!

निर्णय घेणाऱ्याने किंमतही मोजायची असते, हे मुंबई विद्यापीठाच्या बाबतीत दिसलं. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायच्या, असं ऐन परीक्षांच्या तोंडावर ठरलं, आणि तेही सगळ्या शाखांसाठी एकदमच. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, ती उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. २४ ऑक्टोबरला राज्यपालांनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. एकाही टेस्टरचं नाव त्या बातम्यांत कुणी वाचलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

कधीकधी तर निर्णय मालकाच्याही हातून जातो. एचडीएफसी बँकेच्या डिजिटल सेवा वारंवार बंद पडू लागल्या, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला नवीन डिजिटल गोष्टी आणायलाच मनाई केली. ती पूर्ण उठायला मार्च २०२२ उजाडला. सोडायचं की नाही हे ठरवण्यात कंपनी वरचेवर चुकली, तर ते वरून कुणीतरी ठरवायला लागतं.

मग टेस्टरलाच नकाराधिकार का देऊन टाकू नये? कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात काय होतं, तर डेव्हलपर निर्धास्त होतात (‘टेस्टर बघेल की’), आणि मॅनेजर तारखेचं खापर टेस्टरवर फोडतात. ज्याच्या हातात फक्त ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे, त्याला ‘हो’ म्हणण्यात फायदा काहीच नसतो, आणि बग बाहेर गेला तर बोलणी तोच खाणार. असा माणूस कायम नाहीच म्हणेल. दुसऱ्या टोकाला, रोज दबाव आला तर तोच माणूस डोळे मिटून सही ठोकायला शिकेल. दोन्ही वाईट.

दुसरा गैरसमज याच्याशी जोडलेला आहे. ॲपमध्ये चूक दिसली की आपण म्हणतो, तपासणारे झोपले होते का? बरेचदा ते जागे असतात. तो बग त्यांनी नोंदवलेला असतो, बैठकीत वाचला गेलेला असतो, आणि ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ म्हणून जाणूनबुजून सोडलेला असतो. तुमच्या मुलीने सांगितलेले दोन बग त्या रात्री बहुधा याच खात्यात गेले. तो निर्णय चुकीचा होता असंही लगेच म्हणता येणार नाही. एखादा बग फक्त जुन्या फोनवर दिसत असेल आणि परवा हॉटफिक्स, म्हणजे तातडीची छोटी दुरुस्ती, जाणार असेल, तर लाखभर लोकांना थांबवण्यापेक्षा तो चालवून घेणं शहाणपणाचं असू शकतं. दोनदा पैसे कापणारा बग मात्र असा चालवून घेतला, तर घेणाऱ्याचं कठीण.

आता पगाराकडे येऊ. टेस्टरला पगार मिळतो तो निर्णय घेणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय उरू न देण्याचा. त्यासाठी ‘साइन-ऑफ देणार नाही’ एवढं पुरत नाही. फोनवर ठणकावलेलं सकाळपर्यंत विरतं. रिलीजच्या आधी, लेखी, साध्या भाषेत काय जायला हवं ते सांगतो. हे बग उघडे आहेत, हा बग अमुक लोकांना अमुक वेळी बसेल, तेव्हा त्यांचं एवढं नुकसान होईल, आणि या-या गोष्टी वेळेअभावी आम्ही तपासलेल्याच नाहीत. शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात जड जातं, कारण त्यात आपलंच काम अपुरं राहिल्याची कबुली असते, पण वाचणाऱ्याला तेच सगळ्यात उपयोगी पडतं. सापडलेल्या बगची भीती मोजता येते, न पाहिलेल्या कोपऱ्याची येत नाही. एका ठिकाणी मात्र तिने अडून बसावं. जे तपासलंच नाही ते ‘तपासलं’ असं लिहून मागितलं, तर सही करू नये. तिथे सल्ला संपतो आणि खोटं प्रमाणपत्र सुरू होतं.

पत्राच्या वर न छापलेल्या भागात तुम्ही आणखी एक विचारलंय, की शेजाऱ्याच्या फोनवर बँकेच्या ॲपचं अपडेट येतं आणि तुमच्या त्याच कंपनीच्या फोनवर आठवडा उलटला तरी येत नाही, हे कसं? फोन बिघडलेला नाही. ॲप बनवणारे अपडेट सगळ्यांना एकदम देत नाहीत. गूगलच्या प्ले स्टोअरवर किती टक्के लोकांना आधी द्यायचं हे कंपनीला ठरवता येतं. ॲपलकडे ही चढण सात दिवसांची आहे. पहिल्या दिवशी एक टक्का, मग दोन, पाच, दहा, वीस, पन्नास, आणि सातव्या दिवशी सगळे. मध्येच तक्रारी वाढल्या तर पुढचं थांबवतात. तुमचा शेजारी पहिल्या टक्क्यांत निघाला असेल, आणि निवड यंत्र करतं, त्यात मानाचा प्रश्न नाही. ज्या अपडेटवर सुरक्षेची दुरुस्ती असं लिहिलं असेल, ते आलं की लगेच घ्या. नुसतं नवं रूप, नवी बटणं असतील तर चार दिवस थांबलात तरी बिघडत नाही.